साळवे सिस्टरची ओव्हर

निहार, गौरी,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर गौरीनं मला रुग्णालयाच्या पानावरचा एक फोटो दाखवला. शकूमावशी तोंड उघडून हसते आहे, मागे पिवळे फुगे आहेत आणि खाली लिहिलं आहे, ‘अखेरच्या क्षणापर्यंत हसतमुख. आमच्या भावनिक स्वास्थ्य प्रशिक्षणातून जिला मनःशांती गवसली, त्या सेविकेला आदरांजली.’ गौरी म्हणाली, “आजी, किती पीसफुल दिसते ना ती!” तुम्हाला पोहण्याच्या क्लासला निघायचं होतं आणि मला जे सांगायचं होतं ते दोन मिनिटांत मावणारं नव्हतं. शकूमावशीला जाऊन आता काही आठवडे झाले. ती शांत नव्हती, ती सेविका नव्हती, आणि त्या फोटोत ती का हसते आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी तिच्या समोरच्याच खुर्चीत बसले होते. खोटं एकदा इंटरनेटवर चढलं की माणसापेक्षा जास्त जगतं, म्हणून आत्ताच लिहिते आहे. पुरवणीच्या संपादकांनी लेख मागितलाच होता, तेव्हा इतर वाचकांनी तुमच्या खांद्यावरून डोकावून वाचलं तरी माझी हरकत नाही. तुम्ही मराठी सावकाश वाचता, तर सावकाश वाचा. अडलं तर बाबाला विचारा. त्याला येतं, तो आळस करतो.

बातमी रेश्मानं दिली. रेश्मा शेख म्हणजे शकुंतलेच्या, तुमच्या शकूमावशीच्या, हाताखालची तरुण नर्स, तिच्याबद्दल पुढे येईलच. सकाळी मी तूरडाळ निवडत बसले होते. फोनवर रेश्मा इतकंच म्हणाली, “आंटी, सिस्टर गयी...” मी “बरं” म्हणाले, फोन ठेवला आणि ताटातली डाळ निवडून संपवली. अर्धं काम टाकून उठणं मला जमत नाही. शकुंतलेलाही जमत नसे, आमची मैत्री बहुधा त्यावरच टिकली. बाकी आमच्यात सारखं असं काही नव्हतं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान असलेली ती रुग्णालयातली वॉर्डाची मुख्य सिस्टर. शेवटचे दोन महिने स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं तिला सोलून काढलं. ‘शेवटपर्यंत हसतमुख’ म्हणे! स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेलं माणूस हसत नाही. ती विव्हळत असे, चिडत असे, आणि शुद्धीत असेल तेव्हा सलाईन लावायला आलेल्या पोरीला “शीर इथं हाय बाई, तिथं तुझी सासू बसलीय का?” असं विचारत असे.

ती पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत राहायला आली तेव्हा तुमचा बाबा शाळेत होता. माहेर शेंद्र्याकडच्या एका खेड्यातलं. त्या घरात शिकून नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. गल्लीतल्या बायका नव्या बिऱ्हाडाला आडनाव कसं विचारावं याची जुळवाजुळव करत होत्या, तेवढ्यात हिनं फाटकावरूनच ओरडून सांगितलं, “साळवे! बौद्ध! आत या, चहा टाकलाय. ज्यांना प्यायचा नाय त्यांनी आत्ताच सांगा, साखर महाग हाय.” दोघी गेल्या नाहीत. मी गेले. चहा वाईट होता, तो तिला शेवटपर्यंत करता आला नाही. अंगणात बाबासाहेबांची तसबीर लावायला तिचे यजमान, साळवे भाऊजी, खिळा ठोकत होते आणि ही खालून त्यांना खिळा नेमका कुठं ठोकायचा ते शिकवत होती. निहार, तुला आठवत नसेल, पण तू चार वर्षांचा असताना पायात खिळा घुसला आणि ती तुला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला घरी आली, तेव्हा तू तिच्या मनगटाला कडकडून चावला होतास. तिनं हात मागे घेतला नाही. आधी इंजेक्शन पूर्ण दिलं, सुई बाजूला ठेवली आणि मग तुझ्या पाठीत एक धपाटा घातला. “काम झाल्यावर राग काढावा,” ती मला म्हणाली. “आधी काढला की सुई वाकडी जाते.”

आता तुम्हाला एक शब्द शिकवायचा आहे. तो इंग्रजी आहे, पण तुमच्या इंग्रजीत त्याचा जो अर्थ आहे तो इथं चालणार नाही. शब्द आहे ‘ओव्हर’. तुमच्याकडे ओव्हर म्हणजे संपलं, आणि क्रिकेट पाहणाऱ्या तुमच्या बाबाला सहा चेंडू आठवतील. आमच्याकडच्या रुग्णालयांत ओव्हर ही स्त्रीलिंगी वस्तू आहे आणि ती दिली-घेतली जाते. पाळी बदलताना जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला घेऊन खाटेमागून खाट फिरते आणि प्रत्येक रुग्णाचं काय झालं, काय द्यायचं राहिलं, कोण जेवला नाही, कोणाच्या नातेवाइकाशी जपून बोलायचं, हे तोंडी सांगते. ‘ओव्हर दिली?’ ‘दिली.’ ‘घेतली?’ ‘घेतली.’ ‘घेतली’ हा शब्द ऐकल्याशिवाय जाणारीनं वॉर्ड सोडायचा नाही. इतकी वर्षं इंग्रजी शिकवूनही हा वापर मला ठाऊक नव्हता. माझ्या खुब्याचं हाड मोडलं आणि मी शकुंतलेच्या वॉर्डात येऊन पडले, तेव्हा कळला.

माझी खाट कोपऱ्यात होती, चादरींच्या खोलीला लागून. चादरी, उशांचे अभ्रे आणि पेशंटचे गाऊन ठेवायची ती लहानशी खोली, तिला एक खिडकी. दुपारी पाळी बदलली, सगळ्या खाटा फिरून झाल्या की शकुंतला जाणाऱ्या मुलीला म्हणायची, “झाली पेशंटची. आता तुझी दे.” आणि ती मुलगी आणि येणारी मुलगी, कधी स्वतः शकुंतला, त्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायच्या. पाच-सात मिनिटं. पातळ प्लायवूडमधून मला सगळं ऐकू यायचं, आणि खुबा मोडलेल्या बाईला दुसरी करमणूक नसते. आत मुली काय सांगत? डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडला. पेशंटच्या मुलानं हात धरला. सकाळपासून लघवीला जायला मिळालं नाही. तो म्हातारा माझ्या वडलांसारखा खोकतो. ऐकणारीनं सल्ला द्यायचा नाही, हा शकुंतलेचा नियम. “तू बी रडू नको, मला बी अस्संच झालं व्हतं असं सांगू नको, देवाचं नाव घेऊ नको. पेशंटची घेते तशी घे.” म्हणजे ऐकायचं, नीट कळलं नाही तर परत विचारायचं आणि शेवटी म्हणायचं, “घेतली. जा आता घरी.” एवढंच. त्याला काही नाव नव्हतं. कोणी त्याचा फलक लावला नव्हता. मुली ते ओझं चादरींच्या खोलीत टाकून सिटी बस पकडायला जायच्या.

मी तिथं असतानाच एक लहान मुलगा दगावला. डेंगी होता, आठवडाभर रेश्मानं त्याला पाहिलं होतं, त्याला चमच्यानं पाणी पाजताना ती दखनीत काहीतरी गाणं गुणगुणायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चादरींच्या खोलीत गेली आणि म्हणाली, “सिस्टर, मेरेकू नक्को ये नौकरी. अब्बा बोलरे दुकान पे बैठ.” तिच्या वडलांचं खुलताबादला दर्ग्याजवळ फुलांच्या चादरींचं आणि रेवड्यांचं दुकान आहे. शकुंतला म्हणाली, “बैस की. रेवड्या विकणं वाईट हाय का? पण आधी दे.” मग बराच वेळ रेश्माचा आवाज. शकुंतलेचा मधेच एक प्रश्न, “गाणं कोणतं म्हणत व्हतीस?” रेश्मानं म्हणून दाखवलं असावं... नंतर शकुंतला म्हणाली, “घेतली.” ती मुलगी दुसऱ्या दिवशी कामावर होती. आता सांगा, हे काय होतं? मी सांगते. ज्याला मोठमोठे लोक भावनिक स्वास्थ्य म्हणतात ना, ते हेच होतं, फक्त त्याचं बिल निघत नव्हतं.

ते बिल निघायची सोय लवकरच झाली. त्या रुग्णालयाचा कारभार अविनाश नावाचा गृहस्थ पाहतो. तो माझा जुना विद्यार्थी. तेव्हाही तो प्रश्न न वाचता उत्तर लिहायला घ्यायचा. त्याच्याकडे नर्सेस टिकत नव्हत्या. कारण विचारलं असतं तर वॉर्डात झाडणाऱ्या बाईनंही सांगितलं असतं. खाटा वाढवल्या होत्या आणि नर्सेस तेवढ्याच होत्या. कपडे बदलायला खोली नव्हती. रजा मागितली की आधी तोंड वाकडं व्हायचं, मग रजा नाकारली जायची. पण अविनाशला कोणीतरी सांगितलं की याला ‘स्ट्रेस’ म्हणतात आणि तो नर्सेसच्या मनात असतो. मनात असला म्हणजे उत्तमच, मग इमारतीत काही बदलावं लागत नाही! छत गळत असताना अंथरुणातल्या माणसाला पोहायला शिकवावं, तसा हा प्रकार. त्यानं पुण्याहून एक प्रशिक्षक बोलावला आणि उद्घाटनाला प्रमुख पाहुणी म्हणून मला. मी काठी टेकत गेले. बोलावलं की जायचं, ही माझी सवय.

प्रशिक्षक पस्तिशीचा, पांढरा कुडता, आवाज मधाच्या बाटलीतून आल्यासारखा. नर्सच्या एका पाळीइतके तास त्यानं कधी उभं राहून काढले असतील असं वाटत नव्हतं. प्रत्येकीला त्यानं छातीवर लावायला हसऱ्या तोंडाचा पिवळा बिल्ला दिला. मग म्हणाला, “तुमच्या आतल्या लहान मुलीला मिठी मारा.” शकुंतला माझ्या समोरच्या रांगेत, तिरकी बसलेली. तिनं शेजारणीला ऐकू जाईल असं विचारलं, “माझ्या आत व्हय? माझ्या आत सकाळचे पोहे हायेत.” नंतर मागच्या भिंतीला लावले होते तसलेच पिवळे फुगे वाटले. फुग्यावर आपलं टेन्शन लिहायचं आणि एकदम फोडायचं, की टेन्शन गेलं. आता ज्यांचं आयुष्य वॉर्डात गेलं आहे अशा बायकांच्या कानाशी पन्नासेक फुगे एकदम फोडले तर काय होईल? ‘धडाड’ आवाज झाला आणि अर्ध्या नर्सेस खुर्च्या ढकलून दाराकडे धावल्या. ऑक्सिजनच्या सिलिंडरचं तोंड उडालं असं त्यांना वाटलं. धावणाऱ्या बायका अंगावर येताहेत असं पाहून प्रशिक्षक टेबलाखाली बसला. खरोखर बसला, कुडत्यासकट. आणि त्याच क्षणी कोणीतरी फोटो काढला. शकुंतला टेबलाखालच्या त्या माणसाकडे बघून हसते आहे, गौरी. मनःशांती वगैरे काही नाही. आयुष्यात इतकं हसताना मी तिला दुसऱ्यांदा पाहिलं. पहिल्यांदा साळवे भाऊजी हौदात पडले होते.

फुगे हा तरी विनोद होता. पुढचं विनोद म्हणून सोडून देता येत नाही. टेबलाखालून निघाल्यावर प्रशिक्षकानं एकेकीला उभं केलं आणि विचारलं, “ड्यूटी संपत आली की तुमच्या मनात पहिला शब्द कोणता येतो? एकच शब्द, विचार न करता.” पहिली म्हणाली, “ओव्हर.” दुसरी म्हणाली, “ओव्हर.” तिसरीनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “ओव्हरच की.” फळ्यावर तो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहीत गेला, ओव्हर, ओव्हर, ओव्हर... आणि त्याचा चेहरा उतरत गेला. डोळ्यांत पाणी आणून तो अविनाशकडे वळला आणि म्हणाला, “सर, पाहिलंत? ‘संपलं’ असं म्हणताहेत या सगळ्या. एकजात खचलेल्या आहेत. एका दिवसाचं हे काम नाही.” नर्सेस एकमेकींकडे बघायला लागल्या. हा माणूस रडतोय कशाला, हे त्यांना कळेना. चहाच्या वेळी मी त्याला बाजूला घेऊन शब्दाचा अर्थ नीट समजावून सांगितला, व्याकरणासकट. त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, “मॅडम, संस्थेच्या जवळची माणसं नेहमी असंच म्हणतात. याला आम्ही डिनायल म्हणतो.” मला कोणी ‘फेल’ केल्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि तोही मी शिकवलेल्या भाषेत.

अविनाश घाबरला आणि त्यानं लगेच हुकूम काढला. प्रशिक्षण रोज, दुपारी पाळी बदलताना, म्हणजे दोन्ही पाळ्यांच्या मुली एकदम सापडतात. मग ओव्हर कधी द्यायची? ती म्हणे मोबाइलवर टाइप करून पाठवा. आणि चादरींची खोली रिकामी करून तिथं भावनिक स्वास्थ्य कक्ष करा. चादरी जिन्याखाली गेल्या. खोलीत एक जांभळी बीनबॅग आली, भिंतीवर सूर्योदयाचं चित्र आलं आणि दाराला कुलूप लागलं, किल्ली ऑफिसात. म्हणजे ज्या अर्ध्या तासात त्या मुलींचं मन ताळ्यावर येत होतं, नेमका तोच अर्धा तास मनःस्वास्थ्यासाठी काढून घेतला. मूर्खपणा इतका नेमका कसा बसतो, याचं मला आजही कुतूहल आहे.

मला अन्याय करायचा नाही. असलं शिक्षण सगळंच फोल असतं असं मी म्हणत नाही. त्या माणसानं शिकवलेली श्वास मोजायची पद्धत मी ब्लड प्रेशरसाठी अजून करते आणि तिचा उपयोग होतो. कोणी शहाणा माणूस आधी त्या मुलींचं ऐकून मग शिकवायला बसला असता, तर शकुंतलेनं त्याला तिचा तो वाईट चहाही पाजला असता. पण हा ऐकायला आलाच नव्हता.

खुबा जुळून मी घरी आल्यापासून शकुंतला रोज संध्याकाळी कामावरून आली की आमच्या फाटकाला टेकून उभी राहायची आणि मला तिची ओव्हर द्यायची. आत येत नसे, चप्पल काढावी लागते म्हणून. त्या आठवड्यात एका संध्याकाळी ती आली. म्हणाली, “मॅडम, आज त्यानं रेश्माला उभं केलं.” झालं असं होतं की मुलाच्या मृत्यूबद्दल कोणीतरी त्या प्रशिक्षकाच्या कानावर घातलं होतं. त्यानं तीस-चाळीस जणींसमोर रेश्माला मध्यभागी बसवलं, “तो क्षण पुन्हा जगा, बाहेर येऊ द्या,” म्हणाला. ती नको नको म्हणत होती. तो मधाळ आवाजात सांगत राहिला. शेवटी तिला हुंदका फुटला, टाळ्या वाजल्या, आणि कोपऱ्यात कॅमेरा चालू होता. संध्याकाळी तो व्हिडिओ रुग्णालयाच्या पानावर चढला. रेश्मा बिल्ला टेबलावर ठेवून निघून गेली. “लेकरू गेलेली आई तो व्हिडिओ बघंल मॅडम,” शकुंतला म्हणाली. “ह्याला काय वाटतं, ते रेश्माचं एकटीचं रडू हाय? त्या आईचं बी हाय ते. कोणाला इचारून वाटून टाकलं ह्यानं?” मी नेहमीप्रमाणे “घेतली” म्हणाले. ती म्हणाली, “आज घेऊन भागणार नाय.”

दुसऱ्या दिवशी ती अविनाशच्या केबिनमध्ये गेली. तिथलं संभाषण तिनं मला दोघांच्या आवाजात करून दाखवलं. तो म्हणाला, “साळवे सिस्टर, तुम्ही बदलाला विरोध करताय. पॉझिटिव्ह राहा.” ती म्हणाली, “साहेब, पॉझिटिव्ह आमच्याकडं रिपोर्ट येतो, तो चांगला नसतो. व्हिडिओ पानावरनं काढून टाका आणि दुपारचा अर्धा तास परत द्या.” व्हिडिओ त्यानं पानावरून काढून टाकला, त्या मुलाच्या घरचे वकील गाठतील या भीतीनं. अर्धा तास दिला नाही. आणि शकुंतलेची बदली केली, औजारं उकळून निर्जंतुक करायच्या तळघरातल्या खोलीत. तीस वर्षं माणसं सांभाळलेल्या बाईला चिमटे मोजायला बसवलं. तिनं तक्रार केली नाही. मला म्हणाली, “बरंय, चिमटे ओरडत नायत.” पण तिला खरी काळजी एकाच गोष्टीची होती. रेश्मा कामावर आली नव्हती, फोन घेत नव्हती.

त्या रविवारी आम्ही दोघी खुलताबादला गेलो. बस घाट चढत होती आणि शकुंतला मला ओरडत होती, की खुबा मोडलेल्या बाईनं खिडकीशी का बसावं. दुकानात रेश्मा पुड्या बांधत होती. तिच्या वडलांनी आम्हाला स्टूल दिले, रेवड्या दिल्या आणि नम्रपणे सांगितलं, “बाजी, बच्ची नहीं आती अब. हमारी इज्जत का तमाशा हो गया.” शकुंतलेनं त्यांना उलट उत्तर दिलं नाही. “बरोबर हाय तुमचं,” ती म्हणाली. मग रेश्माला म्हणाली, “नोकरी सोड. कोण नाय म्हणतंय? पण तू ओव्हर न देता निघालीस. असं कोणतीच नर्स करत नाय. त्या दिवशी जे झालं ते तुझ्याकडंच हाय अजून. ते दे आणि मग बस हितं जन्मभर.” रेश्मा म्हणाली, “इधर? सबके सामने?” शकुंतला हसली नाही. “नाय. सगळ्यांसमोर तो पुण्याचा घेतो. मी आत घेते.” त्या दोघी दुकानामागच्या खोलीत गेल्या, जिथं दर्ग्यावर चढवायच्या चादरींचे गठ्ठे रचलेले होते. दार लोटलं गेलं. रेश्माचे वडील आणि मी बाहेर बसून रेवड्या खाल्ल्या आणि यंदाच्या पावसावर बोललो. दोघांनाही आतलं ऐकू येत होतं, आणि दोघांनी ऐकू येत नसल्याचं दाखवलं. शेवटी शकुंतलेचा आवाज आला, “घेतली.” मग पुढे, “आता ऐक. मी वॉर्डात नाय. तू बी गेलीस तर त्या पोरींची घेणार कोण? तो टेबलाखालचा?” आणि रेश्माचं हसू... रडून झाल्यावरचं, नाक चोंदलेलं. बाहेर आल्यावर ती बापाला म्हणाली, “अब्बा, मैं सोमवारकू जारी.” बापानं आमच्याकडे पाहिलं, मग एक पुडी बांधली आणि शकुंतलेच्या हातात दिली.

प्रशिक्षण थोड्याच आठवड्यांत आटोपलं. मोबाइलवरच्या ओव्हरमुळे एका पेशंटला तेच इंजेक्शन दुसऱ्यांदा मिळता मिळता राहिलं, डॉक्टर अविनाशवर ओरडले, आणि डॉक्टरांचं ओरडणं त्या इमारतीत ऐकलं जातं. पाळी बदलतानाचा अर्धा तास मुकाट परत आला. प्रशिक्षक निरोप समारंभ करून गेला. त्याच्या अहवालात सगळ्यांचा ताण कमी झाल्याचं लिहिलं होतं. तो गेल्यावर झाला असेल. शकुंतलेला वॉर्डात परत बोलावलं ते पुढच्या वर्षी, आणि लगेचच तिला कावीळ दिसली. साधी कावीळ नव्हती ती.

माझी तिची शेवटची भेट तिच्या घरी झाली. रेश्मा ड्यूटीवरून थेट आली होती. शकुंतलेचा आवाज पार आत गेला होता. साळवे भाऊजी उशी नीट करत होते आणि ती त्यांना बोटानं दाखवत होती, खिळ्यासारखंच. मी काहीतरी धीराचं बोलायला गेले. “मॅडम, तुमचं इंग्रजी आवरा,” ती म्हणाली, मी मराठीत बोलत असूनही. मग तिनं रेश्माला जवळ बोलावलं आणि आम्हाला हातानं बाहेर जायची खूण केली. दार लोटून घेतलं गेलं. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. या वेळी मी खरंच ऐकलं नाही, मी भाऊजींबरोबर अंगणात जाऊन उभी राहिले. ती दोन दिवसांनी गेली.

आणि आता अविनाशनं वॉर्डातल्या त्या चादरींच्या खोलीला तिचं नाव दिलं आहे. ‘शकुंतला साळवे भावनिक स्वास्थ कक्ष’. ‘स्वास्थ्य’मधला ‘य’ खाल्ला आहे. मी त्याला तिथंच सांगितलं. त्यानं तोंडभर “हो मॅडम” म्हटलं आणि पाटी तशीच आहे. समारंभात त्यानं तिच्या हसतमुखपणावर भाषण केलं, पडद्यावर तोच फोटो. मी विचारलं, “अविनाश, ती कोणाला हसते आहे, माहीत आहे का?” तो म्हणाला, “आयुष्याला, मॅडम.” प्रश्न न वाचता उत्तर. त्याच्याशी अधिक बोलणं म्हणजे माझ्या वयात वेळेची उधळपट्टी.

पाहुणे गेल्यावर मी त्या वॉर्डात थांबले, माझ्या जुन्या खाटेजवळच्या खुर्चीत. ‘कक्षा’चं दार आता उघडं असतं. किल्ली हरवली, असं रेश्मा सांगते, आणि फार सरळ चेहऱ्यानं सांगते. जांभळ्या बीनबॅगवर चादरींचा गठ्ठा होता, त्यावर अभ्रे, त्यावर गाऊन, सूर्योदयाचा वरचा काठ तेवढा दिसत होता. जिन्याखाली चादरींना ओल लागते, म्हणून त्या आपल्या जागी परत आल्या आहेत. दुपारची पाळी बदलली. नव्यानं नोकरीला लागलेल्या एका मुलीची पाळी संपली होती, तिच्याबरोबर रेश्मानं सगळ्या खाटा फिरून घेतल्या. ती मुलगी पर्स घेऊन निघाली, तशी रेश्मा म्हणाली, “कहाँ चली? पेशंटची झाली. आता तुझी दे.” दोघी आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

निहार, गौरी, तुम्ही विचारलं होतं की शकूमावशीचं काय राहिलं. तिचा पिवळा बिल्ला भाऊजींनी कचऱ्यात टाकला, ते ठीकच झालं. त्या वॉर्डात ओव्हर अजून दोनदा होते, एकदा रुग्णांची आणि एकदा नर्सची, आणि ‘घेतली’ म्हटल्याशिवाय कोणी घरी जात नाही.